काडतुसांचा हिशेब

३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीच्या बिर्ला भवनात महात्माजींवर तीन गोळ्या झाडण्यात आल्या. ज्या विचाराने तो हात उचलला गेला त्याची चिकित्सा महाराष्ट्राने केली आहे, आणि ती पुढेही करीत राहणे हे त्याचे कर्तव्यच आहे. परंतु त्या हातात जे शस्त्र होते त्याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. ते इटलीच्या बेरेटा कारखान्याचे, १९३४ च्या नमुन्याचे अर्धस्वयंचलित पिस्तूल होते. लांबी सुमारे १५ सेंटिमीटर, वजन पाऊण किलोहूनही कमी, आणि मुठीत बसणाऱ्या मॅगझिनमध्ये ७ काडतुसे! खिशात असताना शेजारच्या माणसास सुगावा लागू नये, हाच त्याचा मुख्य गुण.

हा गुण येतो कोठून? त्याचे मूळ पिस्तुलाइतकेच काडतुसात आहे. ९ मिलिमीटरचे हे आखूड काडतूस अमेरिकेच्या जॉन ब्राउनिंगने १९०८ मध्ये सिद्ध केले. त्याचा जोर बेताचा असल्यामुळे नळीचे तोंड मागून बंद ठेवण्यास निराळी कडी लागत नाही. स्लाइडचे वजन आणि स्प्रिंग एवढ्यावर भागते. गोळी सुटताच स्लाइड मागे जाऊन रिकामे कवच बाहेर फेकते व परतताना नवे काडतूस नळीत चढविते. चाप ओढावा तितक्या वेळा गोळी! यंत्र सोपे, धक्का सौम्य. म्हणूनच शस्त्रही लहान.

जोर बेताचा म्हणून हे शस्त्र मामुली, असे मात्र कोणी समजू नये. २८ जून १९१४ रोजी साराजेव्हो येथे ऑस्ट्रियाचा युवराज फ्रान्झ फर्डिनांड व त्याची पत्नी सोफी यांचा बळी घेणारे पिस्तूल बेल्जियममध्ये बनलेले होते. काडतूस मात्र हेच. तेथे दोन गोळ्या पुरल्या, आणि महिनाभरात युरोपात महायुद्धाचा वणवा पेटला.

आपल्याकडे १९५९ च्या कायद्याने शस्त्रास परवाना आवश्यक केला. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीस तीनऐवजी दोनच अग्निशस्त्रे बाळगण्याची मुभा ठेवली आणि समारंभातील बेफिकीर गोळीबार हा गुन्हा ठरविला. हे योग्यच झाले. तथापि केवळ शस्त्रे मोजून भागणार नाही. १९४८ चे ते पिस्तूल दोनच दिवस आधी ग्वाल्हेरीत मिळविण्यात आले होते, आणि तेही परवान्यावाचून. तेलपाणी केले तर पिस्तूल कित्येक दशके टिकते आणि या हातातून त्या हातात जाते. गावठी पिस्तूल तर एखाद्या आडवाटेच्या भट्टीवरही घडते. परंतु भरवशाचे काडतूस घडविणे हे कारखान्याचे काम आहे, आणि ते एकदाच उडते. म्हणजे पुरवठ्याला बांध घालायचा तर तो काडतुसापाशीच घालता येतो.

परवान्यावर काडतुसांची मर्यादा लिहिलेली असते, हे आम्ही जाणतो. पण घेतलेल्यांचे पुढे काय झाले, हा खरा प्रश्न आहे. नवी काडतुसे देण्यापूर्वी जुन्यांची रिकामी कवचे, अथवा न उडालेली काडतुसे, दाखविण्याची शिस्त सर्वत्र व अपवादावाचून पाळली गेली पाहिजे. प्रामाणिक परवानाधारकास यात थोडा जाच आहे, हे खरे. परंतु ज्याने आत्मरक्षणाकरिता शस्त्र मागितले, त्याने आपली एकही गोळी परक्याच्या हाती गेली नाही एवढे सिद्ध करावे, ही अपेक्षा आम्हांस अवास्तव वाटत नाही. तीन गोळ्यांचे मोल या राष्ट्राने एकदा चुकविले आहे.