दात कोरून पोट भरत नाहीं

सरकारनें नोकरांवरील खर्चांत काटछाट केली असें कानीं आलें कीं आमच्या खेड्यापाड्यांतील पुष्कळ बंधूंस मनांतून बरें वाटतें. यांत नवल नाहीं. सातबाऱ्यावरील एक नोंद दुरुस्त करून घेण्यास ज्यास चार हेलपाटे घालावे लागले, कचेरींतल्या मेजापुढें ज्यास टोपी हातांत घेऊन उभें राहावें लागलें, त्यास "ह्यांचे पगार कापले, बरें झालें" असें वाटणारच. शिवाय त्याचा हिशेब सोपा असतो. पाऊस गेला तर आमचें वर्ष जातें. भाव पडला तर खताचा खर्चही निघत नाहीं. आणि ह्यांचा पगार मात्र पाऊस पडो वा न पडो, एक तारखेस हजर. मग थोडें त्यांनींही सोसलें तर बिघडलें कोठें?

हा प्रश्न खोटा नाहीं, म्हणून त्यास हसून उडवून लावण्याचें आमच्या मनांत नाहीं. जोतीराव फुले यांनीं १८८३ सालीं 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, त्यांत गोऱ्या व भट अंमलदारांचे भले मोठे पगार आणि पेन्शनें यांवर कोरडे ओढलेच आहेत. आदल्याच वर्षीं हंटर कमिशनापुढें त्यांनीं मांडलें कीं, सरकारचा वसूल बहुतेक रयतेच्या श्रमांतून येतो, तर त्यांतला योग्य वाटा रयतेच्या मुलांच्या प्राथमिक शिक्षणावर खर्च झाला पाहिजे. दोन्ही गोष्टी एकत्र वाचाव्या. जोतीरावांनीं वरचा खर्च कमी करा म्हटलें, तें खालीं शाळा व मास्तर वाढावे म्हणून. आज काटकसरीच्या नांवाखालीं जें चाललें आहे तें ह्याच्या अगदीं उलट आहे. खालचा मास्तरच कमी करावयाचा, आणि त्यास जोतीरावांचें नांव घेणाऱ्यांनीं टाळी द्यावयाची!

काटकसरीचा जुना इतिहास पाहिला तर एक खूण सांपडते. कुऱ्हाड उगारतात ती शेंड्यावर, पण पडते ती मुळावर. १९३१ सालीं जगभर मंदी होती. त्या सालच्या सप्टेंबरांत विलायतच्या सरकारनें आपल्या नोकरांचे पगार कापण्याचें ठरविलें. आरमारांतील मोठ्या हुद्देदारांच्या पगारास सुमारें दहाव्या हिश्शाची कात्री लागली; पण ज्या जुन्या खलाशांस दिवसास चार शिलिंग मिळत त्यांस तीनच मिळणार होते, म्हणजे त्यांचा चौथा हिस्सा गेला. इन्व्हरगॉर्डन बंदरांत खलाशांनीं जहाजें हलविण्याचें नाकारलें, तेव्हां कोठें त्यांची कपात दहाव्या हिश्शावर आली. त्याच मंदींत हिंदुस्थान सरकारनेंही आपल्या नोकरांचे पगार शेंकडा दहा कापले. त्यामुळें शेतकऱ्याच्या धान्यास भाव आला काय? नाहीं. भाव पडलेलेच राहिले. ज्यांच्या हातांत विकत घेण्यापुरता पैसा उरला होता त्यांच्याही हातचा काढून घेतल्यावर माल घेणार कोण?

आतां आपल्या महाराष्ट्राकडे वळूं. येथें पगार उघड कापीत नाहींत. त्याहून हुशार रीती निघाल्या आहेत. पहिली रीत नांव बदलण्याची. २००० सालीं शिक्षकाच्या नोकरीचीं पहिलीं तीन वर्षें 'शिक्षणसेवक' ह्या नांवाखालीं घातलीं, आणि पगाराऐवजीं मानधन देऊं केलें. प्राथमिक शाळेंतील ह्या सेवकाचें मानधन सहा हजारांवर अडकून पडलें होतें. तें २०२३ च्या जानेवारीपासून सोळा हजार झालें. अंगणवाडीची योजना १९७५ सालीं सुरू झाली. पोरांस खाऊं घालणें, त्यांचीं वजनें घेणें, गरोदर बाईची विचारपूस करणें, अशीं कामें अर्धशतक करूनही सेविकेस मिळतें तें मानधनच. तिला ग्रॅच्युइटीचा हक्क आहे हें सांगण्यास २०२२ सालीं सर्वोच्च न्यायालय लागलें.

दुसरी रीत जागा न भरण्याची. कोविडच्या सांथींत ४ मे २०२० रोजीं निघालेल्या हुकुमानें आरोग्यासारखीं खातीं सोडून नवी भरती थांबविली. तो काळ संकटाचा होता हें खरें. परंतु संकट नसतांनाही जागा रिकाम्या ठेवण्याची संवय सरकारास पूर्वींपासून आहे. तिसरी रीत मक्त्याची. ६ सप्टेंबर २०२३ रोजीं सरकारनें नऊ खासगी कंपन्यांमार्फत माणसें पुरविण्याचा निर्णय काढला. लोकांत ओरड झाली तेव्हां ऑक्टोबरांत तो मागें घेतला. चौथी रीत म्हातारपणावर हात घालण्याची. १ नोव्हेंबर २००५ पासून जे नोकरीस लागले त्यांचें जुनें निवृत्तिवेतन गेलें, आणि त्यासाठीं मार्च २०२३ मध्यें लाखों नोकर सात दिवस संपावर गेले.

कोणी म्हणेल, नोकरदारांचें रडगाणें नोकरदारांनीं गावें, आम्हांस काय त्याचें? बंधूंनो, हे नोकरदार आहेत तरी कोण? मानधन, रिकामी जागा आणि मक्ता ह्या तीन जाळ्यांत मंत्रालयांतला वरचा सचिव कधीं अडकत नाहीं. अडकते ती तुमच्याच आळींतली अंगणवाडीची सून, डी. एड. होऊन वर्षानुवर्षें भरतीची वाट पाहणारा माळ्याचा मुलगा, आगारांतला कुंभाराचा पोर, आणि मक्तेदाराच्या हाताखालीं शहराचा कचरा वाहणारा आमचा दलित भाऊ. चोर सोडून संन्याशास सुळीं देण्याचा हा प्रकार आहे.

२६ जुलै १९०२ रोजीं शाहू छत्रपतींनीं करवीर संस्थानांत रिकाम्या होणाऱ्या सरकारी जागांपैकीं शेंकडा पन्नास मागासलेल्या वर्गांसाठीं राखून ठेवल्या. त्या हुकुमाचा जीव कशांत होता? जागा रिकामी झाली कीं ती भरली जाईल, ह्या विश्वासांत होता. जागा भरावयाचीच नाहीं असें ठरलें तर राखीव वाट्यास कोणी हात लावीत नाहीं. तो कागदावर जसाच्या तसा राहतो आणि घरांत नोकरी मात्र येत नाहीं. अर्धी भाकर तुझी म्हणावें आणि चूलच पेटवूं नये, अशांतली ही गोष्ट. आणि मक्तेदार माणसें नेमूं लागला तर तेथें राखीव जागा मोजावयास कोण बसणार? ज्यांच्यापाशीं चार पिढ्यांची शिल्लक आहे, शहरांत घर व ओळखी आहेत, त्यांस सरकारी जागा गेल्याचें दुःख नाहीं. ज्याच्या घरांत पहिल्यांदाच कोणी शिकला त्यास दुसरा जिना नाहीं.

आतां बाजाराचा हिशेब मांडूं, म्हणजे ज्यांच्या घरांत कोणीच नोकर नाहीं त्यांसही कळेल. समजा, एका तालुक्यांत शिक्षक, आरोग्यसेविका, ग्रामसेवक, वाहक अशा दोनशें जागा रिकाम्या आहेत, आणि प्रत्येकीस महिन्यास २५,००० रुपये पडले असते. म्हणजे महिन्यास ५० लाख आणि वर्षास ६ कोटी रुपये त्या तालुक्यांत आलेच नाहींत. त्यांतला निम्मा पैसा जरी तेथल्या बाजारांत फिरला असता तरी तीन कोटी होतात. तो कोणाकडे गेला असता? पगारदार माणूस रोज दुधाचा रतीब घेतो. तें दूध तुमच्या गोठ्यांतलें. भाजी तुमच्या मळ्यांतली. पोरांचे कपडे शिंपी शिवतो. चार पैसे सांठले कीं तो घर बांधतो. मग गवंड्यास काम, सुताराच्या हातीं दारें-खिडक्या, लोहारास खिडक्यांचे गज. मोठ्या धनिकाचा पैसा शहरांत व शेअरांत जातो. लहान पगाराचा पैसा महिना संपण्याच्या आंत गांवाच्या पेठेंत परत येतो.

आणि घरांतला हिशेब तर याहून जवळचा आहे. तीन भावांपैकीं दोघे शेतावर आणि एक नोकरींत, अशीं घरें आमच्यांत घरोघर आहेत. पेरणीच्या वेळीं बियाण्यास पैसा कोण पाठवितो? बहिणीच्या लग्नांत मांडवाचा खर्च कोण उचलतो? आईस दवाखान्यांत नेलें तर अनामत कोण भरतो? पतपेढींत जामीन कोण राहतो? तो नोकरींतला भाऊच. त्याचें मानधन तीन महिने थकलें तर त्या घराची वाट सावकाराच्या ओट्यावर जाते. कपात कचेरींत होते, पण ती शेवटीं उतरते तुमच्या बियाण्यावर.

शिवाय सरकारनें जें काम सोडलें तें काम थांबत नाहीं; तें तुमच्या खिशांतून होऊं लागतें. आरोग्य केंद्रांत डॉक्टर नसला तर दुखणें थांबत नाहीं. खासगी दवाखान्यांत दुप्पट-तिप्पट मोजावे लागतात. वीसपेक्षां कमी पटाच्या शाळा जवळच्या मोठ्या शाळेंत मिळविण्याचा घाट २०२३ सालीं घातला गेला. तो वाडीवस्तीवर पुरा झाला तर सर्वांआधीं घरीं बसेल ती मुलगी. एस. टी. १ जून १९४८ रोजीं सुरू झाली. अपुऱ्या व अनियमित पगारास कंटाळलेले तिचे नोकर ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीपासून एप्रिल २०२२ पर्यंत लढले, तेव्हां हाल झाले ते वडापाचें भाडें न परवडणाऱ्यांचे. तलाठ्याकडे तीन-चार गांवें सोंपविलीं कीं दाखला लांबतो, आणि दाखला लांबला कीं चिरीमिरीचा भाव वाढतो. म्हणजे कर कमी झाला नाहीं. वसूल करणारा तेवढा बदलला.

सरकारची तिजोरी अथांग नाहीं, पगार, निवृत्तिवेतन व कर्जाचें व्याज यांत तिचा मोठा भाग जातो, हें आम्ही जाणतों. काटकसर करूंच नये असें आमचें म्हणणें नाहीं. ती वरून खालीं यावी, इतकेंच म्हणणें आहे; आणि हें अशक्य नाहीं. मार्च २०२० चा पगार दोन हप्त्यांत देण्याची पाळी आली तेव्हां पहिल्या हप्त्यांत लोकप्रतिनिधींस शेंकडा चाळीस, अ व ब वर्गास पन्नास, क वर्गास पंचाहत्तर आणि ड वर्गास पुरा पगार, असा क्रम ह्याच राज्यांत ठरला होता. संकटांत जें सुचलें तें एरवीं कां सुचूं नये?

नोकरदार बंधूंसही दोन शब्द सांगितल्यावांचून आमच्यानें राहवत नाहीं. तुमच्या संपास गांव उभें राहत नाहीं, याचा दोष सर्वस्वीं गांवावर टाकूं नका. ज्या रयतेच्या घरांतून तुम्ही आलांत तीच मेजापुढें उभी राहिली कीं तुमची मान ताठ होते. दाखल्यास हात पुढें होतो. शाळेच्या वेळेस मास्तर तालुक्यास असतो. हें सुधारल्याशिवाय तुमच्या भाकरीसाठीं शेतकरी आपली भाकर बाजूस ठेवून येणार नाहीं. आणि शेतमालाच्या भावासाठीं मोर्चा निघेल तेव्हां तुमचीही पावलें त्यांत दिसलीं पाहिजेत.

शेतकरी व कारागीर बंधूंनो, पुढच्या वेळीं कोणी येऊन "नोकरांवरचा खर्च कमी केला" अशी बढाई मारूं लागला तर ग्रामसभेंत त्यास तीन प्रश्न विचारा. आमच्या तालुक्यांत किती जागा रिकाम्या आहेत? वांचलेला पैसा कोठें गेला? आणि कपात वरच्या किती जणांस लागली? उत्तर आकड्यांत मागा आणि लिहून घ्या. दात कोरून पोट भरत नाहीं; आणि येथें तर कोरले जाताहेत ते दात आपल्याच लेकरांचे आहेत.