छायाचित्रांतील गोरेपण

विवाहेच्छु मुलींचीं जीं छायाचित्रें हल्लीं पुण्यांत घरोघर फोनवरून फिरत असतात, त्यांत सांवळी मुलगी कोणास आढळते काय? आम्हांस तरी विरळाच. 'गहूवर्णी', 'निमगोरी' हे शब्द फार पूर्वींपासून सत्यावर हलका पडदा ओढीत आलेच आहेत. परंतु शब्द वाचून मनुष्य निदान सावध होतो. चित्र साक्षीदाराच्या थाटानें समोर येतें, आणि आतां तेंच खोटें बोलूं लागलें आहे.

आमच्या आप्तांतील एका मुलीचें असेंच एक छायाचित्र गतवर्षीं आमच्या पाहण्यांत आलें. चेहरा केतकीसारखा, पण गळा आणि हात यांचा रंग होता तोच राहिलेला, कपाळावरचें कुंकू फिकट गुलाबी झालेलें, आणि पैठणीची जांभळी छटा मात्र जशीच्या तशी. चेहरा तेवढा वेगळा निवडून त्यावर उजेड ओतला होता. आई तें चित्र कौतुकानें दाखवीत होती. मुलगी शेजारींच बसली होती. तिच्याकडे पाहण्याचें धैर्य आम्हांस झालें नाहीं.

कॅमेरा तरी कोठें खरें सांगतो, असें या धंद्यांतील मंडळी विचारतात. आक्षेप अगदींच पोकळ नाहीं. डिजिटल कॅमेऱ्याच्या सेन्सरवर सामान्यतः प्रत्येक बिंदूपुढें तांबडा, हिरवा वा निळा यांपैकीं एकाच रंगाची गाळणी असते. निम्म्या गाळण्या हिरव्या. उरलेले दोन रंग शेजारच्या बिंदूंवरून हिशेबानें भरून काढावे लागतात. कोडॅक कंपनींतील ब्राइस बेयर यांच्या या योजनेस १९७६ सालीं पेटंट मिळालें. मांडवांतील पिवळ्या दिव्यांखालीं पांढरा सदराहि केशरी उतरतो, तो ताळ्यावर आणणें हें छायाचित्रकाराचें कर्तव्यच होय. रंगीत फिल्मच्या काळांत तर कोडॅकचीं रंगजुळणीचीं नमुनाकार्डें गोऱ्या स्त्रियांचीं असत, आणि काळ्यासांवळ्या चेहऱ्यांवरील बारकावे अंधारांत बुडत. यंत्र निःपक्षपाती नव्हे, हें आम्हांस मान्य आहे.

परंतु दुरुस्तीला कांहीं पुरावा लागतो. सदरा पांढरा होता हें सर्वांस ठाऊक असतें. करड्या कार्डाचा तुकडा चौकटींत धरला, तर फोटोशॉपसारख्या सॉफ्टवेअरांत त्याच्या आधारें सबंध चित्राचा तोल सांवरतां येतो, आणि कुंकू, कांति, पैठणी हीं सर्व एकदम आपापल्या जागीं येतात. एकटा चेहरा गोरा करणाऱ्यापाशीं कोणता पुरावा आहे? वरपक्षाची आवड, एवढाच!

'प्रभात' कंपनी कोल्हापुराहून पुण्यास आली त्याच १९३३ सालीं शांतारामबापूंनीं 'सैरंध्री' हा बोलपट जर्मनींतून रंगीत करवून आणला. रंग कांहीं मनासारखे साधले नाहींत. पण सैरंध्री म्हणजे द्रौपदी, आणि द्रौपदीचें एक नांव कृष्णा, तेंहि तिच्या वर्णावरूनच! आज तिच्या स्वयंवराचें माहितीपत्रक निघतें, तर तींत ती खचित निमगोरी झाली असती. पालखी पुण्यांत आली कीं सांवळ्या विठोबासाठीं रस्त्यावर हात जोडून उभे राहणारे आम्ही, घरीं येऊन लेकीचा चेहरा उजळावयास देतों! 'फेअर अँड लव्हली'नें देखील २०२० सालीं आपल्या नांवांतील गोरेपणा काढून टाकला. आमच्या सुशिक्षित कुटुंबांस तेवढीहि लाज वाटूं नये काय?

दुकानदारास एकट्यास दोष देणें सोपें आहे. तो मागाल तें देतो. वरपक्ष घरीं येऊन 'फोटोंत उजळ वाटली होती' असें जिन्यांत कुजबुजतो, तें ऐकावें लागतें मुलीला, दुकानदाराला नव्हे.

त्या मुलीनें पुढें स्वतः जाऊन आपलें मूळ चित्र मागितलें. दुकानदारानें संगणकांत बराच शोध घेतला आणि म्हणाला, "ताई, मूळ कोणी मागत नाहीं. काम झालें कीं आम्ही तें पुसून टाकतों."