‘अल्फा’वाल्यांनो, जरा या डायनोसॉरचं ऐका!

‘निसर्गाचा नियम आहे भावा, जो दांडगा त्यालाच पोरगी पटते!’ असं ठासून सांगणारी रील्स रोज आपल्यासमोर येतात. सोबतीला डरकाळी फोडणारा टी-रेक्स असतोच. पण डायनोसॉरचाच दाखला द्यायचा, तर एकदा पॅरासॉरोलोफसकडेही बघा ना!

साधारण साडेसात कोटी वर्षांपूर्वी उत्तर अमेरिकेत राहणारा हा शाकाहारी, बदकासारख्या तोंडाचा डायनोसॉर. शिंगं नाहीत, सुळे नाहीत. डोक्यावर मात्र मागे वळलेला लांबलचक तुरा, आणि तो आतून पोकळ. नाकातून निघालेल्या नळ्या तुऱ्याच्या टोकापर्यंत जाऊन परत फिरलेल्या. पाण्याखाली श्वास घ्यायला ही सोय असेल, असं आधी काहींना वाटायचं. पण टोकाला भोकच नाही! १९७५मध्ये जेम्स हॉपसन यांनी मांडलं, की हा तुरा दिसण्यासाठी आणि ऐकू जाण्यासाठी आहे. आपल्या जातीची ओळख पटवायला, जोडीदाराला साद घालायला. १९९७मध्ये न्यू मेक्सिकोतल्या संशोधकांनी कवटीचं सीटी स्कॅन करून कॉम्प्युटरवर तो आवाज घडवला. निघाला खर्जातला, घुमणारा सूर.

आता गंमत बघा. हा तुरा फक्त ‘इम्प्रेस’ करायला होता का? २००९मध्ये युटामध्ये शाळेतल्या एका विद्यार्थ्याला याच्या पिल्लाचा जीवाश्म दिसला. वय वर्षभराच्या आतलं, तरी तुऱ्याचा उंचवटा दिसू लागलेला! मोठा तुरा नराचा, छोटा मादीचा, हा अंदाजही पक्का ठरलेला नाही. याच्या तुरेवाल्या भाऊबंदांचे कान तपासले, तर त्यांची रचना खर्जातले आवाज ऐकण्याजोगी निघाली. म्हणजे बोलण्याइतकीच ऐकण्याचीही तयारी.

याच कुळातल्या मायासॉराची मोंटानात घरट्यांची अख्खी वसाहत सापडली. दोन घरट्यांत साधारण सात मीटर अंतर. पिल्लांचे पाय अजून कच्चे, पण दात झिजलेले. म्हणून १९७९मध्ये जॅक हॉर्नर आणि रॉबर्ट मॅकेला यांनी म्हटलं, की आईबाप घरट्यात चारा आणून देत असावेत. नावही ठेवलं ‘चांगली आई’ या अर्थाचं.

प्रेमात शायनिंग मारूच नये, असं मी म्हणत नाही. तुरा त्यांनीही मिरवला असेलच. पण साद घालणं, ऐकणं, शेजार सांभाळणं, पिल्लं वाढवणं हासुद्धा निसर्गच आहे. दादागिरी करायची तर स्वतःच्या नावावर करा, निसर्गाच्या नावावर बिल फाडू नका. पुढच्या वेळी कुणी ‘निसर्गाचा नियम’ ऐकवला, तर एवढंच विचारा, ‘कुठल्या प्राण्याचा रे?’