रस्त्याचाही पंचनामा व्हावा

साताऱ्याकडून येणारा महामार्ग कात्रजचा नवा बोगदा ओलांडून पुण्याच्या हद्दीत शिरतो आणि तेथून आंबेगाव-नऱ्ह्याच्या दाट वस्तीच्या कडेने नवले पुलापर्यंत जो सलग उतार लागतो, त्याची धास्ती आता मुंबई-बंगळूर मार्गावरील ट्रकचालकांना आहे तशीच धायरी-वडगावच्या प्रत्येक गृहस्थालाही आहे. २० नोव्हेंबर २०२२ रोजी, रविवारी रात्री, या उतारावरून सुटलेल्या एका ट्रकने पुढची ४८ वाहने ठोकरली. १३ नोव्हेंबर २०२५ रोजी सायंकाळी त्याच उतारावर एका अवजड वाहनाने पुढच्या गाड्यांना फरफटत नेले, दोन मोठ्या वाहनांच्या मध्ये सापडलेल्या मोटारीने पेट घेतला आणि आठ जण प्राणांस मुकले. तीन वर्षांच्या अंतराने घडलेल्या या दोन घटनांत महिना तोच, उतार तोच आणि घडण्याची रीतही तीच. निराळी होती ती केवळ माणसे.

अशा प्रत्येक घटनेनंतर जे घडते तेही आता ठरून गेले आहे. पोलीस येतात, दोन पंचांना पाचारण होते, फीत टाकून अंतरे मोजली जातात, काचांचा खच आणि चाकांच्या खुणा यांची नोंद होते, चालकाचे नाव, गाव आणि परवान्याचा क्रमांक लिहून घेतला जातो. हयगयीने वाहन चालवल्याचा गुन्हा दाखल होतो आणि क्रेनने गाड्या बाजूस ओढल्यावर तासा-दोन तासांत वाहतूक पूर्ववत सुरू होते. पंचनामा दप्तरी पडतो. त्यात चालकाचे वर्णन असते, वाहनाचे असते, मृतांचे असते. ज्या रस्त्यावर हे सारे घडले तो रस्ता मात्र केवळ घटनास्थळ म्हणून येतो, पक्षकार म्हणून कधीच येत नाही. त्याचा उतार किती, वळणावरून पुढचे किती दिसते, कडेची वाट कोठे तुटते, हे विचारण्याची त्या कागदात तजवीजच नसते.

आकस्मिक मृत्यूच्या नोंदीत आपल्या दप्तराने ‘अकस्मात’ हा शब्द पिढ्यान्‌पिढ्या चालवला आहे. त्याची संस्कृत फोड अ-कस्मात् अशी होते. जे घडले त्याचे ‘कशामुळे’ सांगता येत नाही, असा त्याचा मूळ अर्थ. शेतात उभ्या माणसावर वीज कोसळली तर तो शब्द शोभेल. परंतु ज्या उतारावर तीच गोष्ट वर्षानुवर्षे त्याच तऱ्हेने घडते, तेथे ‘कशामुळे’ हे सांगता येते, इतके स्पष्ट की नऱ्ह्याच्या नाक्यावरचा पानवालाही ते सांगू शकतो.

२०२२ च्या त्या रात्री प्रथम ब्रेक निकामी झाल्याचे सांगितले गेले. वाहनाच्या तपासणीत मात्र ब्रेकमध्ये दोष आढळला नाही, आणि डिझेल वाचवण्यासाठी चालकाने उतारावर इंजिनच बंद केले होते, असा निष्कर्ष पुढे आला. ज्यांना ट्रकची रचना परिचित नाही अशा वाचकांसाठी हे थोडे विस्ताराने सांगणे इष्ट आहे. भरलेला ट्रक खालच्या गिअरमध्ये उतरत असता इंजिन स्वतःच त्याला मागे खेचून धरते आणि ब्रेकवर फारसा भार येत नाही. गाडी न्यूट्रलमध्ये घातली की हा आधार संपतो, तीस-चाळीस टनांचा सारा आवेग ब्रेकच्या ड्रमवर येऊन पडतो, ड्रम तापतात, लायनरची पकड सुटू लागते आणि चालकाने पाय कितीही दाबला तरी गाडी आवरत नाही. इंजिनच बंद केले असेल तर संकट दुणावते, कारण ब्रेकसाठी लागणारी दाबलेली हवा इंजिनावरच तयार होते. टाकीत शिल्लक असलेली हवा प्रत्येक दाबासरशी खर्ची पडते आणि नवी भरत नाही, शिवाय स्टिअरिंगही जड होऊन बसते. ज्या बचतीसाठी हे साहस होते ती बचतही बव्हंशी भ्रामक आहे. गिअरमध्ये राहून, ॲक्सिलरेटरवरचा पाय काढून उतरणाऱ्या आजच्या इंजिनास त्या वेळी इंधन जातच नाही. ही गोष्ट चालकास प्रथम परवाना देताना आणि पुढे त्याच्या नूतनीकरणाच्या वेळी कोणी बसवून समजावली आहे काय? त्याला डिझेलची ठरावीक रक्कम देऊन ‘उरेल ते तुझे’ असा व्यवहार करणाऱ्या मालकाचे नाव कोणत्या पंचनाम्यात येते?

आम्ही चालकाचा कसूर झाकू इच्छित नाही. २०२२ साली आपल्या देशात रस्त्यांवर ४,६१,३१२ अपघात झाले आणि १,६८,४९१ माणसे मेली, त्यांपैकी १५ हजारांहून अधिक महाराष्ट्रात. या मृत्यूंतील फार मोठा वाटा अतिवेगाचा आहे, हे केंद्र शासनाचेच वार्षिक आकडे सांगतात. उलट दिशेने दुचाकी घालणे, डोक्यावर हेल्मेट नसणे, चालवताना मोबाइल कानाशी धरणे, पहाटेच्या झोपेत सुकाणू हातून सुटणे, ही कारणेही कोणी नाकारणार नाही. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांचे निधन झाले, तेव्हा मागच्या आसनावरील प्रवाशांनी पट्टा बांधला नव्हता, ही गोष्ट देशभर चर्चिली गेली आणि ती चर्चा उपकारकच ठरली. परंतु तीन पदरी रस्ता त्या पुलाशी दोन पदरी होत होता, हेही तितकेच सत्य आहे, आणि त्याची चर्चा दोन-चार दिवसांतच विरून गेली. माणसाची चूक चटकन डोळ्यांत भरते. रस्त्याची चूक सिमेंटात बुजलेली असल्यामुळे ती रस्त्याचा स्वभावच वाटू लागते.

नवले पुलाच्या बाबतीत त्या चुकीचा इतिहास सर्वांच्या डोळ्यांदेखत घडला आहे. कात्रज-देहूरोड बाह्यवळण आखले गेले तेव्हा हेतू असा होता की, दूरच्या जड वाहनांनी शहरात न शिरता बाहेरून निघून जावे. पुढे शहरच त्या रस्त्यापाशी चालत आले. महाविद्यालये उभी राहिली, सोसायट्या उभ्या राहिल्या, २०२१ साली २३ गावे महापालिकेत आली आणि त्यांत नऱ्हेही आले. पण रस्त्याचा उतार आणि त्यावरचा वेग परगावच्या रस्त्याचाच राहिला. परिणामी कोल्हापूरहून रात्रभर चालत आलेला ट्रक आणि मुलाला शाळेत सोडावयास निघालेली आई यांना एकच डांबर वाटून घ्यावे लागते. ताशी ६० किलोमीटर वेगाने येणारे वाहन सुरक्षित थांबावे यासाठी समोर सुमारे ८० मीटर रस्ता मोकळा दिसला पाहिजे, आणि ताशी १०० किलोमीटरसाठी १८० मीटर, असे आपल्याच रस्तेबांधणीच्या मानकांत लिहिलेले आहे. संध्याकाळी वाहनांची रांग उतारावर मागे सरकत आली की हे अंतर उरत नाही. सेवारस्ता सलग असता तर दुचाकीस्वाराला महामार्गावर चढावेच लागले नसते. तो सलग का नाही असे विचारल्यास महामार्ग प्राधिकरण भूसंपादनाकडे बोट दाखवते, महापालिका प्राधिकरणाकडे आणि वाहतूक पोलीस दोघांकडे. रस्ता एकच, पण त्याच्या मालकीचे तुकडे इतके पडले आहेत की जबाबदारी कोणाच्याच पदरात पूर्णपणे येत नाही.

राष्ट्रीय महामार्गावरील सुमारे ५०० मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यूचे वा गंभीर दुखापतीचे पाच अपघात झाले, किंवा दहा माणसे मेली, की ते स्थळ ‘अपघातप्रवण’ ठरते, असा शासनाचा निकष आहे. या निकषाने आम्ही फार अस्वस्थ होतो. दुरुस्तीचा हक्क मिळवण्यासाठी आधी दहा प्रेतांची पावती सादर करावी लागावी, ही व्यवस्था ज्यांनी आखली त्यांना आकडेवारीची शिस्त हवी होती हे आम्ही समजू शकतो. पण घाटाच्या पायथ्याशी वस्ती वाढत आहे, हे पाहण्यासाठी आकडेवारीची गरज नव्हती. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीने कलम १९८अ आणले आणि रस्त्याची आखणी, बांधणी वा देखभाल विहित मानकांप्रमाणे न झाल्यामुळे मृत्यू वा अपंगत्व ओढवल्यास संबंधित यंत्रणेस वा ठेकेदारास एक लाख रुपयांपर्यंत दंड करण्याची तरतूद केली. रक्कम अपुरी आहे, हे उघड आहे. तरी रस्त्यालाही आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करता येते, हे तत्त्व कायद्याने मान्य केले. मग हे कलम इतके क्वचित का ऐकू येते? कारण त्याला लागणारा पुरावा ज्या कागदात यावयास हवा, तो कागद म्हणजे पंचनामा, आणि पंचनाम्यात रस्ताच नाही.

म्हणून आमची मागणी एका विशिष्ट गोष्टीपुरती आहे. प्राणघातक अपघाताच्या प्रत्येक पंचनाम्यास रस्त्याचा स्वतंत्र तपशील जोडणे सक्तीचे करावे: त्या जागी उतार किती, पुढचे किती दिसते, सूचनाफलक रात्री वाचता येतो की नाही, कठडा व दिवे यांची स्थिती कशी, पादचाऱ्यास रस्ता ओलांडावयास जागा आहे काय, आणि मागच्या तपासणीत कोणत्या उणिवा नोंदवल्या गेल्या होत्या. तो तपशील पोलीस हवालदाराने नव्हे, रस्ते जाणणाऱ्या अभियंत्याने सहीनिशी भरावा, आणि तो अभियंता ज्या खात्याने तो रस्ता बांधला त्या खात्याचा नसावा.

असे काही करावयास वेळ लागतो, असे उत्तर येईल याची आम्हांस कल्पना आहे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीच्या पुरात ब्रिटिशकालीन पूल कोसळला आणि एस.टी.च्या दोन बसगाड्या माणसांसह वाहून गेल्या; त्या जागी नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला. त्याच राज्यात, तेच अभियंते असताना जर अख्खा पूल इतक्या अवधीत बांधता आला, तर नवले पुलाच्या उताराचा पंचनामा येत्या पावसाळ्यापूर्वी पुरा करून तो नऱ्हे येथील कार्यालयात कोणाही नागरिकास वाचावयास मिळेल असा ठेवणे, आणि त्याखाली सही करणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव व हुद्दा स्पष्ट अक्षरांत लिहिणे, यासाठी कोणाच्याही परवानगीची वाट पाहण्याचे कारण आम्हांस दिसत नाही.