विज्ञानाच्या गप्पा : दोन शिखरांचा तापमापक

बालमित्रांनो, ताप आला की आई तापमापक कुठे लावते? जिभेखाली किंवा काखेत. शर्टाच्या खिशात नाही! कारण तापमापक ज्याला टेकलेला असतो, त्याचंच तापमान सांगतो.

शास्त्रज्ञांनाही हीच अडचण येते, बरं का! 'केंद्रकीय चुंबकीय अनुस्पंदन', म्हणजेच एन. एम. आर. नावाचं एक तंत्र आहे. त्याच्या शोधाबद्दल फेलिक्स ब्लॉक आणि एडवर्ड पर्सेल यांना १९५२ साली नोबेल पारितोषिक मिळालं. पेन्सिलीहून बारीक, साधारण ५ मिलिमीटर जाडीच्या काचेच्या नळीत नमुना भरतात. ती नळी शक्तिमान चुंबकात सोडून रेडिओलहरी पाठवतात. मग अणूंच्या केंद्रकांकडून उत्तर येतं आणि शिखरांचा आलेख उमटतो. त्यावरून रेणूची रचना कळते.

नमुना गरम किंवा गार करायला नळीभोवती हवा सोडतात. तापमान मोजणारी तार त्या हवेत, नळीच्या बाहेर असते. म्हणजे ती सांगते हवेचं तापमान! आतला द्रव काही अंशांनी वेगळा असू शकतो. तापमान चुकलं, तर त्यावरून काढलेला रासायनिक क्रियेचा वेगही चुकतो. आणि तापमापकच नळीत घातला, तर आलेख बिघडतो.

मग युक्ती काय? तशाच नळीत मिथेनॉल भरायचं. त्याच्या रेणूत तीन हायड्रोजन कार्बनला जोडलेले आणि एक ऑक्सिजनला. म्हणून शिखरं दोन. ऑक्सिजनकडचा हायड्रोजन शेजारच्या रेणूचाही हात धरतो. उष्णता वाढली की ही पकड सैल होते आणि त्याचं शिखर दुसऱ्या शिखराकडे सरकतं. ४०० मेगाहर्ट्झच्या यंत्रात २५ अंश सेल्सिअसला दोघांतलं अंतर सुमारे ६३० हर्ट्झ असतं, ५० अंशांना सुमारे ५३०. अंतर मोजा, तापमान ओळखा! व्हॅन गीट या संशोधकाने १९६८ आणि १९७० साली यासाठी मोजमापं करून सूत्रं दिली. मिथेनॉल सुमारे ६५ अंशांना उकळतं, म्हणून त्याहून गरम कामासाठी इथिलीन ग्लायकॉल वापरतात.

ही दोन्ही रसायनं विषारी आहेत, तेव्हा घरी हा प्रयोग नको. त्याऐवजी हे करून पहा. पातेल्यात कोमट पाणी घ्या आणि त्यात गार पाण्याचा पेला ठेवा. शाळेतला प्रयोगाचा तापमापक (तापाचा नव्हे!) आधी पातेल्यात, मग पेल्यात बुडवा. दर दोन मिनिटांनी दोन्ही आकडे वहीत लिहा. ते जुळायला किती वेळ लागला?