लालबागचा मसाला आखातात बॅगेतून जातो, कंटेनरमधून का नाही?

एप्रिल-मे आला की लालबागच्या मसाला गल्लीत पाय ठेवायला जागा नसते. बेडगी, संकेश्वरी मिरची निवडायची, खडा मसाला भाजायचा, डंकावर कुटून घ्यायचा. आपल्या कितीतरी घरांतला हा मसाला पुढे दुबई, कुवेत, दोह्याला जातो. पण बॅगेतून, कुणा नातेवाइकाच्या हाती. त्याचाच रीतसर धंदा करायचा म्हटला की गाडी अडते.

मागणी नाही असं नाही. 2023-24 मध्ये देशातून 4 अब्ज डॉलरहून जास्त किमतीचे मसाले बाहेर गेले. प्रश्न तपासणीचा आहे. एप्रिल 2024 मध्ये हाँगकाँगने एमडीएचचे तीन आणि एव्हरेस्टचा एक मसाला विक्रीतून काढायला लावला. सिंगापूरनेही एव्हरेस्टचा फिश करी मसाला परत मागवायला सांगितलं. कारण होतं इथिलीन ऑक्साइड. हा जंतू मारण्यासाठी वापरला जाणारा वायू. त्याचा संबंध कर्करोगाशी जोडला जातो. दोन्ही कंपन्यांनी आपला माल सुरक्षित असल्याचं सांगितलं. पण त्यानंतर स्पायसेस बोर्डाने या दोन ठिकाणी जाणाऱ्या मालाची तपासणी सक्तीची केली.

नियमही देशागणिक वेगळे. मसाल्यात युरोपला या वायूचा अंश किलोमागे 0.1 मिलिग्रॅमपर्यंतच चालतो, अमेरिकेला 7 मिलिग्रॅमपर्यंत. म्हणजे एकाच पोत्यातला माल न्यूयॉर्कला पास आणि हॅम्बुर्गला नापास होऊ शकतो.

याचा मार सर्वांत जास्त कुणाला? छोट्या माणसाला. तपासणीची फी दोनशे किलोला असो वा पूर्ण कंटेनरला, फारसा फरक नाही. मोठी कंपनी ती सहज पचवते, घरगुती मसाला करणारी बाई नाही. त्यात तिची मिरची पाच बाजारांतून आलेली. कुठल्या शेतात काय फवारलं, हे तिला कोण सांगणार?

डाळींचं दुखणं वेगळंच. तिथे सरकारचा हुकूम चालतो. 2006 मध्ये घातलेली डाळींची निर्यातबंदी पूर्णपणे उठायला नोव्हेंबर 2017 उजाडला. काबुली चण्यासारखे अपवाद सोडले तर अकरा वर्षं दार बंदच होतं. आजही आपण तूर आफ्रिका आणि म्यानमारहून आणतो. देशात भाव चढले की सरकार आधी इथल्या ताटाकडे बघणार, आणि ते चूकही नाही. म्हणून नवख्याने सगळं भांडवल डाळीत अडकवू नये.

मग करायचं काय? एकेकट्याने नाही, मिळून. दहा घरांनी एकाच ठिकाणची मिरची घ्यावी, एकच लॉट करावा, एकदाच तपासावा. आयात-निर्यात कोड 500 रुपयांत ऑनलाइन मिळतो. सोबत स्पायसेस बोर्डाची नोंदणी आणि एफएसएसएआयचा परवाना लागतो. बोर्डाची प्रयोगशाळा मुंबईत आहे. वायूऐवजी विकिरणाने जंतू मारणारं सरकारी केंद्र वाशीला आहे. फक्त घेणाऱ्या देशाला ते चालतं का आणि लेबलवर काय लिहायचं, हे आधी विचारावं. पैसे बुडण्याची भीती असेल तर ईसीजीसीचा विमा आहे.

मशीद बंदरचा घाऊक बाजार वाशीला गेला, न्हावा शेवा बंदर त्याच्या जवळच आहे. आखातात आपली माणसं आहेत, चव त्यांना माहीत आहे. कमी आहे ती एका कागदाची, जो सांगेल की या डब्यात काय आहे आणि काय नाही. तो कागद मिळवणं एकट्याला महाग पडतं, दहा जणांना परवडतं.