वाकायचं कुठे, हे कोण ठरवणार?

गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात, इटियाडोह धरणाच्या परिसरात गोठणगावला तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. तिचं नाव नोर्ग्येलिंग. दलाई लामा १९५९ मध्ये भारतात आले, त्यांच्या मागोमाग हजारो कुटुंबं आली, आणि देशभर वसाहती उभ्या राहत गेल्या. गोठणगावची वसाहत १९७२ ची, म्हणजे हा भाग भंडारा जिल्ह्यात होता तेव्हाची. समुद्रसपाटीपासून चार हजार मीटरहून उंच पठारावर सातू पिकवणारी आणि याक पाळणारी माणसं धानाच्या प्रदेशात, विदर्भाच्या उन्हात आली. त्यांनी इथली शेती आपलीशी केली. पण नुसत्या शेतीवर भागत नाही म्हणून हिवाळ्यात स्वेटर विकण्याचा धंदा उचलला. भारतातल्या तिबेटी कुटुंबांपैकी अनेकांचा हाच आधार आहे. लुधियानाच्या व्यापाऱ्यांकडून बहुधा उधारीवर माल घ्यायचा, शहरोशहरी दुकानं थाटायची आणि हंगाम संपला की पैसे चुकते करायचे. परक्या मुलखात उधारी मिळते, याचा अर्थ या माणसांनी तिथल्या बाजाराची रीत पुरती आत्मसात केली आहे. लवचीक, संस्कारक्षम स्वभावाचा फायदा याहून ठळकपणे दाखवणारं उदाहरण महाराष्ट्रात शोधून सापडणार नाही.

पण या माणसांनी काय बदललं याच्याइतकंच काय बदललं नाही, हेही पाहायला हवं. पीक बदललं, धंदा बदलला, बाजारात बोलायची भाषा बदलली. प्रार्थना, लोसरचा सण आणि घरातली तिबेटी भाषा मात्र जपली. कुठे वाकायचं आणि कुठे नाही, याची निवड त्यांनी स्वतः केली. माझ्या मते लवचीकपणाचा गुण या निवडीत आहे. ती निवड हातातून गेली की तोच स्वभाव माणसाला घातक ठरतो. मऊ सापडलं की कोपरानं खणणारे घरात असतात, कचेरीत असतात, राजकारणात तर असतातच. ‘सांभाळून घेणारी’ सून आणि ‘कधीच नाही न म्हणणारा’ कारकून यांचं कौतुक बहुतेकदा ज्यांची सोय होते तेच करतात.

यावर आक्षेप असा येईल की हे एका समाजाचं उदाहरण झालं. एकट्या माणसाच्या स्वभावाला ते कसं लावायचं? आक्षेप रास्त आहे. त्याचं उत्तर सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात अमेरिकेत केलेल्या प्रयोगांत मिळतं. रेषांची लांबी ओळखायची, इतकंच साधं काम होतं. गटातले बाकीचे सगळे ठरवून चुकीचं उत्तर देत. तेव्हा सुमारे तीन-चतुर्थांश जणांनी निदान एकदा तरी डोळ्यांना दिसणारं सोडून गटाचं म्हणणं मान्य केलं. मात्र गटातला एकच माणूस खरं बोलू लागला की ही शरणागती जवळपास चौथाईवर आली. म्हणजे ठाम राहण्याचं बळ सगळं स्वभावातूनच येतं असं नाही. बरंचसं शेजारी कोण उभं आहे यावर असतं. गोठणगावात ते बळ अख्ख्या वसाहतीने दिलं. पटकन छाप पडणाऱ्या मुलाला ‘स्वतःचं डोकं वापर’ असं बजावून काही हाती लागत नाही. त्याच्या मताला मान देणारं एक तरी माणूस घरात किंवा शाळेत हवं.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. निर्वासितापुढे पर्याय तरी कुठे होता? ज्याला जुळवून घेण्यावाचून गत्यंतर नाही, त्याच्या जुळवून घेण्याला गुण म्हणणं ही सुस्थितीतल्यांची सोय तर नव्हे? यात बरंच तथ्य आहे, आणि लवचीकपणाचे गोडवे गाणाऱ्यांनी ते टाळू नये. तिबेटी माणूस इथे मिसळला म्हणून कायद्याच्या लेखी इथला झाला नाही. २६ जानेवारी १९५० ते १ जुलै १९८७ या काळात भारतात जन्मलेली व्यक्ती जन्माने नागरिक ठरते. दिल्ली उच्च न्यायालयाने तिबेटींच्या बाबतीत हे २०१० मध्ये मान्य केलं आणि २०१४ मध्ये निवडणूक आयोगाने अशांची नावं मतदार यादीत घेण्याचे निर्देश दिले. त्या तारखेनंतर जन्मलेल्याला केवळ इथे जन्मल्याच्या आधारावर नागरिकत्व नाही. इथल्या शाळेत शिकून इथल्याच बाजारात कमावणाऱ्या तिबेटी तरुणाला परदेशी म्हणून काढलेलं नोंदणी प्रमाणपत्र ठरावीक मुदतीनंतर नव्याने करून घ्यावं लागतं. जुळवून घेण्यात त्याच्या घराने कसूर केलेली नाही. आता पाऊल उचलायचं ते राज्यव्यवस्थेने.